न थांबणारा बीप

आजची गोष्ट चंडीगडच्या सेक्टर १७मधून सांगतोय. खाली ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातला, पायी फिरायचा मोठा चौक आहे आणि वर माझं दुरुस्तीचं टेबल. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका गोणपाटात गुंडाळलेला संगणक घेऊन आल्या. शाळेने तो भंगारात काढला होता. शनिवारपर्यंत चालला नाही, तर भंगारवाला वजनावर नेणार होता.

गोणपाट सोडलं आणि मी थबकलोच. तो 'युनिकॉर्न' होता. १९८१ साली ब्रिटनमध्ये अॅकॉर्न कंपनीने 'बीबीसी मायक्रो' बाजारात आणला. केंद्र सरकारने १९८४-८५मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र निवडलं. त्याची परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती म्हणजे युनिकॉर्न. ती सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीची, आणि ही कंपनी इथे शेजारीच, मोहालीत.

असं यंत्र लगेच सुरू करायचं नसतं. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर तडकतात आणि खोलीभर धूर होतो. आधी ते बदलले. बोर्डावर पाच व्होल्ट नीट येत होते. मग बटण दाबलं. या यंत्राचा एक खर्जातला सूर लागतो, तो थांबतो आणि छोटा 'बीप' येतो. इथे सूर लागला, पण थांबेचना. म्हणजे प्रोसेसर आपलं पहिलं काम पुरं करत नव्हता.

सॉकेटातल्या चिप्स काढून पाय साफ केले, पुन्हा बसवल्या. फरक नाही. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. शुक्रवारी आठवलं, या बोर्डावर ६५२२ जातीच्या दोन चिप्स असतात. एक कीबोर्ड, आवाज वगैरे सांभाळते. तिच्यावाचून काही चालत नाही. दुसरी प्रिंटर आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळते. ती काढली तरी यंत्र सुरू होतं. म्हणून ती काढली आणि बटण दाबलं.

बीप!

बिघडली होती ती बाहेरच्या जगाशी बोलणारी चिप. मुलांनी त्या जोडणीला दिवे लावले असतील, मोटारी लावल्या असतील. म्हणजे या यंत्राचा शाळेत खरोखर वापर झाला होता. एका मेलेल्या बोर्डावरची ६५२२ मी तिथे बसवली.

मोहालीची पुढची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. ७ फेब्रुवारी १९८९ला तिथल्या चिप कारखान्याला आग लागली. तो पुन्हा उभा राहायला कित्येक वर्षं गेली आणि तेवढ्यात जग फार पुढे निघून गेलं. २००६मध्ये ही संस्था अवकाश विभागाची प्रयोगशाळा झाली. २०२५मध्ये 'विक्रम ३२०१' प्रोसेसरची बातमी आली, तोही इथलाच. आपण बातमी जपतो. शाळांत पोचलेली यंत्रं मात्र किलोने विकतो.

शनिवारी बाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि न विचारता एक ते दहाचा पाढा छापणाऱ्या बेसिकच्या तीन ओळी टाइप केल्या. भंगारवाल्याला मीच फोन करून नको म्हणून सांगितलं.

तुमच्या शाळेच्या अडगळीत असं काही असेल, तर आधी झाकण उघडून बघा. भेटू पुढच्या भागात.