नोंदणी झाली, पण मालकी कोणाची?

अमेरिकेत घर घेताना क्लोजिंगच्या दिवशी खर्चाचा जो लांबलचक कागद हातात येतो, त्यात 'टायटल इन्शुरन्स' अशी एक ओळ असते. आपलं सगळं लक्ष व्याजदराकडे असतं, त्यामुळे त्या ओळीवर फारसं कोणी थांबत नाही. आग, वादळ यांचा विमा समजतो. मालकीचा विमा कशाला? उत्तरासाठी १८६८ सालच्या पेनसिल्व्हेनियात जावं लागतं.

वॉटसन नावाच्या माणसाने तिथे एक जागा घेतली. त्या काळी जुने दस्त तपासून खरेदीखत तयार करणारे व्यावसायिक असत, त्यांना कन्व्हेयन्सर म्हणत. वॉटसनच्या कन्व्हेयन्सरचं नाव मुइरहेड. शोध घेताना त्याला जुने बोजे सापडले होते. त्याने वकिलाला विचारलं, वकील म्हणाला की ते या जागेला लागू होत नाहीत. मुइरहेडने 'टायटल क्लिअर आहे' असं सांगितलं आणि वॉटसनने पैसे मोजले. पुढे ते बोजे खरे ठरले आणि नुकसान वॉटसनच्या माथी आलं. त्याने मुइरहेडवर दावा लावला, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: याने वकिलाचा सल्ला घेतला, म्हणजे पुरेशी काळजी घेतली; याचा निष्काळजीपणा नाही.

म्हणजे बघा, चूक झाली होती, पण दोषी कोणीच नव्हतं. आणि दोषी नाही म्हणून भरपाईही नाही.

ही फट बुजवायला पेनसिल्व्हेनियाने १८७४ मध्ये अशा विमा कंपन्यांना परवानगी देणारा कायदा केला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी उभी राहिली. चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचं नाही, पॉलिसीत बसणारं नुकसान कंपनीने सोसायचं, ही त्यातली नवी गोष्ट.

दुसरा मार्गही होता. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने कायदा आला: सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. अमेरिकेत काही राज्यांनी ही पद्धत घेऊन पाहिली, मिनेसोटात ती अजून आहे, पण देशभर ती रुजली नाही. इथलं काउंटी कार्यालय दस्त नोंदवून घेतं. तो देणाऱ्याचा हक्क खरा होता का, याची खात्री देत नाही.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. महाराष्ट्रातही सातबारा हा महसुलाचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. दस्त नोंदवला म्हणून विकणाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. म्हणूनच आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. पण तो रिपोर्ट म्हणजे शेवटी मतच, मुइरहेडला मिळालं होतं तसं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने जमिनीच्या टायटलचा विमा काढावा अशी तरतूद आहे, मात्र ती राज्य सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून ठेवली आहे.

आता तुमच्या कागदाकडे या. इथे पॉलिसी दोन असतात. कर्ज देणारी बँक आग्रह धरते ती 'लेंडर्स पॉलिसी'. तिचे पैसे बहुधा तुम्ही भरता, पण ती राखते बँकेचं कर्ज. उद्या बनावट सहीचं जुनं खत किंवा अचानक एखादा वारस उगवला, तर तुम्ही घातलेल्या पैशांसाठी 'ओनर्स पॉलिसी' वेगळी घ्यावी लागते. हप्ता एकदाच. कारण हा विमा मागे बघतो: पॉलिसीच्या तारखेआधी जे घडलं त्याचा. नंतर तुम्हीच थकवलेल्या कराला तो उपयोगी नाही.

सही करण्याआधी 'शेड्यूल बी' मागून घ्या. कंपनी कशाची जबाबदारी घेत नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. न समजलेली प्रत्येक ओळ विचारा. वॉटसनची अडचण हीच होती: बोजा सापडला होता, तो त्याच्यासाठी महत्त्वाचा नाही हे मात्र दुसऱ्याच कोणी ठरवलं.