दूरशिक्षणाची शीव

‘दूर’शिक्षणाला हद्द कशाला, हा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला अजून छळतो. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघालं ते संसदेच्या कायद्याने, म्हणून त्याला सारा देश मोकळा. १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं ते विधिमंडळाच्या कायद्याने. त्याची शीव महाराष्ट्रापुरती. पुढे काही राज्यांच्या विद्यापीठांनी परराज्यांत केंद्रं थाटली, अगदी बाजारच मांडला म्हणा ना! तेव्हा २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने हद्दीचा नियम बजावला. बाजार आवरायलाच हवा होता. पण बेळगावात संसार सांभाळून मराठीतून बी.ए. करू पाहणाऱ्या बाईला घराजवळ नाशिकचं केंद्र मिळायचं नाही, त्याचं काय? २०२०च्या नियमांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांची हद्द उठवली. पुस्तक हाती घेऊन शिकणाऱ्यांची मात्र तशीच ठेवली. का, ते आयोगच जाणे!