मातीतली पहिली बाई



मागच्या बैठकीत आमच्या गटाचा फोटो काढायचा होता. दहाजणींतल्या सहाजणी मागच्या रांगेत सरकल्या. एक म्हणाली, "ताई, माझं पोट दिसतंय." दुसरी म्हणाली, "मी तर म्हैस झालेय नुसती." सगळ्या हसल्या, पण मला ते लागलं. म्हणून आज एका मातीच्या बाईची गोष्ट सांगते.

युरोपात चेक नावाचा देश आहे. तिथल्या दोल्नी व्हेस्टोनित्से गावाजवळ १९२५ साली जुन्या वस्तीचं उत्खनन चाललं होतं. विझलेल्या शेकोटीच्या राखेत भाजक्या मातीचे दोन तुकडे सापडले. जोडले, तर बाईची मूर्ती! उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. वय मात्र २५ हजार वर्षांहून जास्त. तेव्हा त्या मुलखात शेती नव्हती, मडकी नव्हती. माणसं शिकारीवर जगत. मडकं भाजायच्या कितीतरी हजार वर्षं आधी त्यांनी बाईचं शरीर घडवून भाजलं होतं.

ती दिसते कशी? छाती ओघळलेली, कंबर रुंद, पाठीवर वळ्या. चेहरा म्हणाल, तर डोळ्यांच्या दोन तिरप्या चिरा, एवढंच. तिच्या अंगावर बोटाचा ठसाही आहे, तो एका लहान मुलाचा असावा असं अभ्यासक म्हणतात. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, तेव्हा लेकरं मध्येच हात लावतात ना, तसंच काहीसं झालं असेल.

त्या काळच्या अशा आणखीही मूर्ती युरोपात सापडल्या आहेत, काही दगडाच्या, काही हस्तिदंताच्या. कुणी म्हणालं ही देवी, कुणी म्हणालं हे संततीचं प्रतीक. १९९६ साली लिरॉय मॅकडरमॉट या अमेरिकन अभ्यासकाने वेगळंच मांडलं. या मूर्ती बायकांनी स्वतःकडे पाहून केल्या असाव्यात, असं ते म्हणाले. आरसा तर नव्हता. उभं राहून मान खाली घातली की काय दिसतं? छाती मोठी, पोट पुढे आलेलं, पावलं अगदी लहान. चेहरा तर दिसतच नाही. बऱ्याच मूर्तींची मापं तशीच आहेत. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. पण मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो: आपण स्वतःकडे कुणाच्या डोळ्यांनी बघतो?

"म्हैस झालेय" हे शब्द माझ्या मैत्रिणीचे नव्हते. कधीतरी, कुणीतरी तिला ऐकवलेले होते. ज्या पोटाने तीन लेकरं वाढवली, त्याची तिला लाज वाटू लागली. वजन, रक्त, साखर तपासायलाच हवी, ती तब्येतीसाठी. लाज ही वेगळी गोष्ट आहे, तिने कुणाची तब्येत सुधारत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर चिकणमाती आणायची, असं आम्ही ठरवलंय. आरसा नाही, फोटो नाही. खाली बघायचं आणि जसं दिसेल तसं स्वतःला घडवायचं. तुम्हीही तुमच्या गटात करून बघा. आणि लेकरांनी मध्ये हात लावला, तर ओरडू नका. ठसा राहू द्या.