तळटीप ७ : पर्यायी निष्पत्ती

७. पर्यायी निष्पत्ती : औषधाची खरी कसोटी (मृत्यू टळणे, रोग न उलटणे) लागायला वर्षे जातात, म्हणून चाचणीत तिच्याऐवजी मोजले जाणारे, लवकर हाती येणारे माप. कुष्ठरोगातले असे माप म्हणजे जिवाणू-निर्देशांक, अर्थात कानाच्या पाळीला किंवा चट्ट्याला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यातील जिवाणूंची ० ते ६ ही श्रेणी. उपचारापूर्वी तो चढा असलेल्यांत रोग उलटण्याची शक्यता अधिक असते, हे खरे. पण मेलेले जिवाणूही रंग धरतात आणि शरीर ते सावकाश काढून टाकते, त्यामुळे परिणामकारक औषधांपैकी कोणतेही दिले तरी निर्देशांक वर्षाला सुमारे एका अंकानेच उतरतो आणि दोन औषधांतील डावे-उजवे त्यावरून ठरत नाही.

निव्वळ सहसंबंध पुरत नाही तो असा. संख्याशास्त्रज्ञ रॉस प्रेंटिस यांच्या निकषानुसार (१९८९) पर्यायी माप हिशेबात धरल्यावर खऱ्या निष्पत्तीवर औषधाचा वेगळा परिणाम उरता कामा नये. ही अट फार कडक असल्याने पुढे अनेक चाचण्या एकत्र घेऊन, मापावरील परिणामावरून निष्पत्तीवरील परिणामाचा अंदाज कितपत बांधता येतो, हे तपासण्याची पद्धत रूढ झाली. माप सुधारले तरी खरी निष्पत्ती बिघडू शकते : त्याच १९८९ साली अमेरिकेतील एका चाचणीत हृदयाचे अनियमित ठोके आवरणाऱ्या एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी मृत्यू वाढल्याचे आढळले.