ओजेक : नाक्यावरच्या रांगेतून मोबाइलच्या पडद्यावर

२०१० साली जकार्त्यात नादिएम मकारिम या तरुणाने मोटारसायकल टॅक्सीचा व्यवसाय सुरू केला. एक कॉल सेंटर आणि सुमारे २० चालक, एवढाच पसारा. मोटारसायकली चालकांच्या स्वतःच्या. कंपनीचे नाव गोजेक. पुढे ती इंडोनेशियातील पहिली ‘युनिकॉर्न’ ठरली, हे अनेकांना ठाऊक असेल. परंतु या धंद्याचा इतिहास त्याच्या किमान चार दशके आधी सुरू होतो, आणि तोही मोटारसायकलपासून नव्हे. आजचा धागा त्याविषयी.

जकार्त्याच्या गरिबांचे वाहन होते ‘बेचाक’, म्हणजे तीनचाकी सायकलरिक्षा. प्रवासी पुढे बसतो, चालक मागून पायडल मारतो. १९६६ ते १९७७ या काळात गव्हर्नर असलेल्या अली सादिकिन यांना जकार्ता आधुनिक राजधानी म्हणून उभी करायची होती. माणसाने माणसाला ओढण्याचे दृश्य त्या चित्रात बसत नव्हते. बेचाकच्या संख्येवर मर्यादा आल्या, मोठे रस्ते त्याला बंद झाले.

त्याच दशकात पर्याय म्हणून भारतातून ऑटोरिक्षा आल्या. पुण्याजवळच्या आकुर्डीत कारखाना असलेल्या बजाज ऑटोच्या. जकार्तेकर आजही रिक्षाला ‘बजाय’ म्हणतात. त्या शब्दामागे एक मारवाडी आडनाव आहे, हे तिथल्या फार थोड्यांना माहीत असेल!

१९८० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर वियोगो आत्मोदार्मिंतो यांनी घाव मुळावरच घातला. १९८८ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नियमाने बेचाक शहरातून हद्दपार झाले. हजारो गाड्या जप्त करून जकार्त्याच्या उपसागरात बुडवण्यात आल्या. गाडी समुद्रतळाशी गेली, पण तिच्यात बसणारा माणूस रस्त्यावरच उभा होता. त्याला घरी कसे जायचे, याचे उत्तर नियमात नव्हते.

शहराची रचना समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. जकार्त्याचे हमरस्ते रुंद आहेत. त्यांच्या पाठीमागे मात्र ‘कांपुंग’ म्हणजे दाट वस्त्या पसरलेल्या आहेत. त्यांतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली तरी थांबावे लागते. आडवाटांना तिथे ‘उंदरांचे रस्ते’ असेच नाव आहे. बस हमरस्त्यावर सोडते. तिथून घरापर्यंतची वाट आपली आपण पाहायची. ही उरलेली वाट ज्याने पकडली, तो ओजेक.

ओजेक म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारी दुचाकी. हा प्रकार पूर्वीपासून होता आणि प्रारंभी सायकलवरही चालत असे; जुन्या कोता भागात सायकल-ओजेक अगदी अलीकडेपर्यंत दिसत. बेचाक गेल्यावर मोकळी झालेली जागा मोटारसायकलींनी भरली. परवाना नाही, मीटर नाही, गणवेश नाही. भाडे प्रत्येक फेरीला घासाघीस करून ठरायचे.

आता खरी मेख. या धंद्यात उतरायला काय लागत असे? मोटारसायकल, हे उत्तर अपुरे आहे. मोटारसायकल अनेकांकडे होती. लागत असे ती जागा. गल्लीच्या तोंडाशी ‘पांगकालान’ असे, म्हणजे ओजेकवाल्यांचा अड्डा : एखादे झाड किंवा पत्र्याची शेड, खाली बाकडे, आणि रांग. ज्याचा नंबर त्याचे गिऱ्हाईक. परक्याला तिथे उभे राहता येत नसे. कोणाच्या तरी ओळखीने यावे लागे, काही ठिकाणी प्रवेशाची रक्कम मोजावी लागे. कोण राहतो कुठे, रात्री उशिरा एकटी येणारी मुलगी कोणाची, हे अड्ड्याला पाठ असे. कोणताही कायदा ज्याला ओळखत नव्हता, त्या धंद्याने आपले कायदे असे स्वतःच केले होते. अड्ड्याची ही व्यवस्था फार गोड होती असे मात्र समजू नये. नवख्या प्रवाशाला दुप्पट भाडे सांगणे हाही तिचाच भाग होता.

मग १९९७ चे आर्थिक संकट कोसळले. डॉलरमागे सुमारे २,४०० असलेला रुपिया १९९८ मध्ये १५,००० च्याही पलीकडे घसरला. कारखाने बंद पडले, आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तो यांना राजीनामा द्यावा लागला. नोकरी गमावलेल्यांपैकी कित्येकांनी घरातली दुचाकी काढली आणि अड्डा गाठला. पुढील दशकात वित्तसंस्थांनी जुजबी रक्कम भरून हप्त्यावर गाडी देण्याचा सपाटा लावला. २०११ साली देशात सुमारे ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या. अखेर २०१२ मध्ये मध्यवर्ती बँकेला दुचाकीच्या कर्जासाठी किमान २५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट घालावी लागली. थोडक्यात, गोजेक आली तेव्हा गाड्या होत्या, चालक होते, प्रवाशाची सवयही होती. कंपनीला यातले काहीच निर्माण करावे लागले नाही.

मकारिम यांनी हेरले ते एवढेच, की ओजेकवाल्याचा बहुतेक दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात जातो. ही रिकामी वेळ विकता आली तर? पहिली काही वर्षे फोनवरून नोंदणी घेत कंपनी रडतखडत चालली. जानेवारी २०१५ मध्ये मोबाइल अ‍ॅप आले आणि चित्र पालटले. गुंतवणूकदारांच्या पैशावर भाडे इतके उतरवले गेले की घासाघीस करायला काही उरलेच नाही. त्याच वर्षी सेनायनच्या क्रीडासंकुलात चालकांच्या भरतीसाठी हजारोंच्या रांगा लागल्या. अ‍ॅपच्या तंत्रामागे भारतीय हातही होते : २०१६ मध्ये गोजेकने काही भारतीय कंपन्या विकत घेतल्या, त्यांत पुण्याची लेफ्टशिफ्ट ही एक.

अड्ड्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. गल्लोगल्ली फलक लागले : गोजेकला प्रवेश बंद. मारहाणीचे प्रकार घडले. हिरवे जाकीट पिशवीत कोंबून चालक गिऱ्हाइकाला कोपऱ्यावर गाठू लागले. संताप जुन्याचा नव्यावर, असे वरवर दिसते. वास्तविक दोघेही त्याच वस्तीतले, पुष्कळदा त्याच अड्ड्यावरचे. वर्षानुवर्षे राखलेली जागा एका रात्रीत कवडीमोल झाली होती, आणि रांगेतील नंबर कोण देतो हे विचारायला समोर माणूस उरला नव्हता.

शासनाची भूमिका तर विलक्षणच. २००९ च्या वाहतूक कायद्यात दुचाकीला सार्वजनिक वाहनाचे स्थान नाही. त्याचा आधार घेत डिसेंबर २०१५ मध्ये परिवहनमंत्री इग्नासियस जोनान यांच्या मंत्रालयाने अ‍ॅपवरील ओजेकवर बंदी घातली. राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी जाहीर नापसंती व्यक्त करताच दुसऱ्याच दिवशी ती मागे घेण्यात आली. २०१८ मध्ये चालकांनी कायदेशीर स्थानासाठी घटनात्मक न्यायालयाचे दार ठोठावले; न्यायालयाने नकार दिला. २०१९ मध्ये मंत्रालयाने भाडे आणि सुरक्षेचे नियम केले, पण मूळ कायदा तसाच राहिला. येथे गोव्याचे ‘पायलट’ आठवतात. पिवळ्या-काळ्या दुचाकीवरून भाडे नेणाऱ्या या चालकांना गोव्यात अ‍ॅपचे नावही नव्हते तेव्हापासून सरकारी परवाना मिळतो. म्हणजे हे अशक्य नव्हते. (महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली ती एप्रिल २०२५ मध्ये.)

कायद्याच्या या पोकळीत एक शब्द रुजला, आणि तो आपल्या ओळखीचा आहे : ‘मित्रा’. संस्कृत ‘मित्र’ हाच शब्द, इंडोनेशियन भाषेत त्याला भागीदार असाही अर्थ आहे. कंपन्यांच्या लेखी चालक हा नोकर नसून ‘मित्रा’. त्यामुळे गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे, टायरची झीज त्याची, अपघातानंतरचे बिनकमाईचे दिवस त्याचे. भाडे किती आणि त्यातला वाटा किती, हे मात्र मित्राला विचारून ठरत नाही. सुरुवातीचे बोनस घटले तसा हा हिशेब बोचू लागला. २० मे २०२५ रोजी चालक अ‍ॅप बंद ठेवून रस्त्यावर उतरले. कंपनीचा वाटा १० टक्क्यांवर आणा, ही त्यांची प्रमुख मागणी होती.

तीन महिन्यांनी, २८ ऑगस्टच्या रात्री, खासदारांच्या भत्त्यांविरुद्ध जकार्त्यात निदर्शने चालू असताना पोलिसांच्या चिलखती वाहनाखाली सापडून २१ वर्षांचा एक ओजेकचालक मरण पावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंत्ययात्रेत हजारो चालक आपापल्या मोटारसायकलींवर सामील झाले. गोजेकचे होते, प्रतिस्पर्धी ग्रॅबचेही होते. दोन्ही कंपन्यांची जाकिटे हिरवीच असतात.