परक्या रस्त्यावरची भाड्याची गाडी: एका हिरव्या कागदाचा इतिहास

१/ युरोपातील मोठ्या विमानतळावर भाड्याने गाडी घेणाऱ्या प्रवाशाच्या हाती किल्लीच्या आधी एक करारपत्र पडते. त्यात निरनिराळे रकाने असतात: तृतीय पक्ष विमा, गाडीच्या नुकसानीची माफी, चोरीपासून संरक्षण आणि 'एक्सेस' नावाची एक बरीच मोठी रक्कम. रांगेत मागे लोक खोळंबलेले असतात, म्हणून प्रवासी ते न वाचताच सही करतो. हे रकाने एकाच काळात किंवा एकाच हेतूने जन्मलेले नाहीत. त्यांच्यामागे सव्वाशे वर्षांचा वाद आहे, आणि त्या वादाचा मूळ प्रश्न एकच: परक्याच्या गाडीने झालेल्या हानीची किंमत कोणी मोजायची?

२/ १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने ब्रिटनमध्ये मृत्यू पावलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. ती गाडी लोकांना मोटारीची फेरी घडवून दाखवण्यासाठी तेथे आणलेली होती. चौकशीअंती ज्युरीने 'अपघाती मृत्यू' असा निर्णय दिला. मोटार नवी होती, कायदा घोडागाडीच्या काळातला होता. मृत्यूला जबाबदार कोण, आणि जबाबदार ठरणाऱ्याच्या खिशात पैसा नसेल तर काय, या प्रश्नांना त्या वेळी तयार उत्तर नव्हते.

३/ उत्तराचा पहिला तुकडा बाजाराने दिला. १८९८ च्या सुमारास अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने मोटारमालकांना दायित्वाचा विमा विकण्यास आरंभ केला. मात्र हा विमा ऐच्छिक होता आणि त्याचा हेतू मालकाची मालमत्ता दाव्यांपासून वाचवण्याचा होता. धडक बसलेल्या माणसाला भरपाई मिळणे न मिळणे हे मालकाने विमा घेतला आहे की नाही, या योगायोगावर अवलंबून राही.

४/ योगायोगाच्या जागी सक्ती आणण्यास दोन-तीन दशके लागली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटारविमा अनिवार्य केला. ब्रिटनने १९३० चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट संमत केला आणि तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला. फ्रान्समध्ये हीच सक्ती १९५८ च्या कायद्याने आली. येथे विम्याचे तत्त्वच पालटले. हप्ता भरणारा मालक, विकणारी कंपनी, आणि लाभ मात्र करारात नाव नसलेल्या तिसऱ्याच माणसाला. 'तृतीय पक्ष' हा रुक्ष शब्द म्हणजे रस्त्याने चालणारा कोणीही.

५/ ही सक्तीही प्रारंभी अपुरी होती. ब्रिटनचा १९३० चा कायदा मृत्यू आणि शारीरिक इजा यांपुरताच होता. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस, युरोपीय निर्देशामुळे सक्तीचा झाला. विमाच नसलेल्या चालकाने धडक दिली तर काय, यासाठी १९४६ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून 'मोटर इन्शुरर्स ब्युरो' स्थापन केला. पुढच्या कथेत ब्युरो ही कल्पना मध्यवर्ती ठरणार होती.

६/ दरम्यान गाडी भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढत होता. म्युनिकमध्ये मार्टिन झिक्स्ट यांनी १९१२ मध्ये तीन गाड्यांनिशी धंदा मांडला. त्यांच्या गाड्या चालकासह मिळत आणि श्रीमंत परदेशी प्रवासी हे त्यांचे गिऱ्हाईक होते. अमेरिकेत ओमाहाच्या सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये, तर शिकागोच्या वॉल्टर जेकब्स यांनी १९१८ मध्ये फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्या गिऱ्हाइकाच्या हाती सोपवण्यास सुरुवात केली. जेकब्स यांचा व्यवसाय १९२३ मध्ये जॉन हर्ट्झ यांनी विकत घेतला. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस या माजी वैमानिकाने डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर तीन गाड्या उभ्या केल्या. विमानातून उतरणारा अनोळखी प्रवासी हेच आता मुख्य गिऱ्हाईक होणार होते.

७/ चालकासह गाडी देणे आणि नुसती गाडी देणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या व्यवहारात मालकाचा माणूस चाकावर असतो. दुसऱ्यात मालक आपली सर्वांत महाग वस्तू अशा माणसाच्या हाती देतो, ज्याचे कौशल्य त्याने पाहिलेले नाही. त्यामुळे दोन स्वतंत्र जोखमी निर्माण झाल्या: गाडीने इतरांची हानी होण्याची आणि खुद्द गाडीची हानी होण्याची. पहिलीत समाजाला रस होता, म्हणून कायदा आला. दुसरीत केवळ मालकाला रस होता, म्हणून ती कराराच्या बारीक अक्षरांत राहिली. आजच्या करारपत्रातील गोंधळाचे मूळ या फाट्यात आहे.

८/ सीमा ओलांडताच पहिली जोखीम अधिक बिकट होई. १९०९ आणि १९२६ च्या पॅरिस करारांनी गाडीच्या व चालकाच्या आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची सोय लावली होती. विम्याची सोय मात्र झाली नव्हती. एका देशाची पॉलिसी दुसऱ्या देशाच्या सक्तीची पूर्तता करीत नसे. प्रवाशाला नव्या देशात नवा विमा घ्यावा लागे. जखमी स्थानिकाची स्थिती त्याहून वाईट: धडक देणारा मायदेशी परतला की त्याच्यामागे परक्या भाषेत, परक्या न्यायालयात दावा लढवणे सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचे होते.

९/ दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला रस्ते पुन्हा खुले करायचे होते. २५ जानेवारी १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या रस्ते वाहतूक उपसमितीने 'शिफारस क्रमांक ५' स्वीकारली. प्रत्येक देशातील विमा कंपन्यांनी आपला एक ब्युरो स्थापावा, आणि सर्व ब्युरोंनी परस्परांची हमी घ्यावी, अशी ती योजना. १ जानेवारी १९५३ पासून ती प्रत्यक्षात आली. तिचा दृश्य पुरावा म्हणजे गाडीत बाळगायचा एक हिरवा कागद, 'ग्रीन कार्ड'.

१०/ तिची रचना साधी आहे. बेल्जियमची एक गाडी इटलीत एखाद्या सायकलस्वाराला धडकली असे समजू. सायकलस्वार ब्रसेल्सला पत्रे लिहीत बसत नाही. तो इटलीच्या ब्युरोकडे जातो. तो ब्युरो इटलीच्याच कायद्यानुसार दाव्याचा निकाल लावतो, रक्कम देतो आणि ती बेल्जियमच्या विमा कंपनीकडून वसूल करतो. कंपनीने हात वर केले तर बेल्जियमचा ब्युरो हमीदार म्हणून पैसे भरतो. सीमा ओलांडण्याचा त्रास जखमी माणसाकडून काढून घेऊन तो कार्यालयांच्या आपसातल्या हिशेबावर टाकणे, हे या व्यवस्थेचे खरे कर्तृत्व.

११/ १९७२ च्या युरोपीय निर्देशाने पुढचे पाऊल टाकले. सदस्य देशांनी एकमेकांच्या गाड्यांचा विमा सीमेवर तपासणे थांबवले. गाडीची नंबरप्लेट हाच विम्याचा पुरावा मानला जाऊ लागला. २००० च्या निर्देशाने उलट बाजूही सांभाळली: दुसऱ्या सदस्य देशात जखमी झालेल्या प्रवाशाला मायदेशी परतून तेथील नियुक्त प्रतिनिधीकडे दावा करता येऊ लागला. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश मोटारचालकांना पुन्हा हिरवे कार्ड बाळगावे लागले आणि २ ऑगस्ट २०२१ ला ती अट सुटली. दरम्यान २०२० पासून हे कार्ड पांढऱ्या कागदावरही छापता येते. नाव मात्र हिरवेच राहिले.

१२/ या इतिहासामुळेच युरोपात भाड्याच्या गाडीच्या भाड्यात तृतीय पक्षाचा विमा अंतर्भूत असतो. अमेरिकेत चित्र वेगळे आहे, कारण तेथे हा विषय राज्यांकडे आहे. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीच्या शारीरिक इजेसाठी सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा १५,००० डॉलर होती. ती १९६७ पासून २०२४ अखेरपर्यंत बदलली नाही. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०,००० डॉलर झाली. तेथील रुग्णालयांच्या खर्चापुढे ही रक्कम किती तोकडी, हे सांगायला नको. म्हणून अमेरिकेत काउंटरवर विकला जाणारा दायित्वाचा वाढीव विमा हा प्रवाशाने खरोखर विचारात घेण्याचा विषय आहे.

१३/ आता दुसरी जोखीम, म्हणजे खुद्द गाडीची. 'कोलिजन डॅमेज वेव्हर' याचा शब्दशः अर्थ 'धडकेच्या नुकसानीची माफी'. काटेकोरपणे पाहिले तर हा विमा नव्हे. रोजची ठरावीक रक्कम दिल्यास कंपनी आपला भरपाई मागण्याचा हक्क सोडते, एवढेच. हा भेद शाब्दिक नाही. विमा म्हटला की नियामकाचे दर आणि परवाने आले. माफी म्हटली की ती दोन पक्षांमधली खाजगी बाब ठरते.

१४/ १९८० च्या दशकात अमेरिकेत या भेदावरून जोरदार संघर्ष झाला. माफीचे दैनंदिन दर वाढत गेले, आणि माफी न घेणाऱ्याच्या माथी संपूर्ण गाडीची किंमत मारली जाऊ लागली. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये ही माफी विकण्यासच मनाई केली आणि ग्राहकाची जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित केली. ही बंदी २००३ मध्ये उठली. याच काळात क्रेडिट कार्ड कंपन्यांनी कार्डावर भाडे भरणाऱ्यास गाडीच्या नुकसानीचे संरक्षण देऊ केले. ते बहुधा गाडीपुरतेच असते. रस्त्यावरच्या माणसाला झालेली इजा त्यात येत नाही. अनेक प्रवासी नेमके हेच विसरतात.

१५/ माफीही क्वचितच पूर्ण असते. 'एक्सेस' म्हणजे नुकसानीतला ग्राहकाने स्वतः सोसायचा पहिला हिस्सा. तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवली जाते. शिवाय टायर, काचा, छत आणि गाडीचा तळ हे भाग अनेकदा वगळलेले असतात. आइसलँडमध्ये खडी उडून होणाऱ्या नुकसानीसाठी आणि वाळू व ज्वालामुखीच्या राखेने रंग खरवडला जाण्यासाठी वेगवेगळी संरक्षणे विकली जातात, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेले तर सामान्यतः कोणतेच संरक्षण लागू होत नाही. भूगोल असा कराराच्या कलमांत उतरतो. २०१५ मध्ये युरोपीय आयोग आणि ग्राहक संरक्षण यंत्रणांच्या दबावाने पाच मोठ्या कंपन्यांनी विम्याची आणि शुल्कांची माहिती अधिक स्पष्टपणे देण्याचे मान्य केले.

१६/ सर्वांत वेगळी वाट न्यूझीलंडची. १९६७ च्या वुडहाउस अहवालाने विचारले, की अपघातात दोष कोणाचा हे शोधण्यात शक्ती का घालवावी? १ एप्रिल १९७४ पासून तेथे सार्वजनिक अपघात भरपाई योजना लागू झाली. जखमी व्यक्तीला दोष सिद्ध न करता साहाय्य मिळते आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी न्यायालयात दावा करण्याचा हक्क जवळजवळ संपतो. तेथे जखमी झालेल्या परदेशी पर्यटकाच्या उपचारालाही ही योजना हातभार लावते. मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेचा विमा तेथे सक्तीचा नाही. ती काळजी करारपत्रातच घ्यावी लागते.

१७/ या इतिहासात भारताचे स्थान कोठे? १९३९ च्या मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टमधील तृतीय पक्ष विम्याचे प्रकरण ब्रिटिश कायद्याच्या वळणावर बेतलेले होते आणि ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. परंतु भारत ग्रीन कार्ड व्यवस्थेत नाही. भारतीय मोटार पॉलिसी जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते. त्यापलीकडे ती पोहोचत नाही. शिवाय ती स्वतःच्या गाडीशी बांधलेली असते. पुण्याहून किंवा नागपूरहून युरोपात गेलेला प्रवासी म्हणूनच पूर्णतः भाडेकंपनीच्या कागदावर विसंबून असतो. परदेश प्रवासाच्या विम्यात वैयक्तिक दायित्वाचे कलम असले, तरी वाहन चालवताना झालेली हानी त्यातून बहुधा वगळलेली असते.

१८/ त्यातच परवान्याचा प्रश्न येतो. आरटीओ देते तो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्याच्या जोडीनेच ग्राह्य असतो. वैध परवाना नसताना, मद्यपान करून, किंवा करारात नाव नसलेल्या नातेवाइकाच्या हाती चाक देऊन गाडी चालवली, तर कंपनी माफी नाकारते. अशा प्रसंगी जखमी माणसाला कायदा बहुतेक ठिकाणी भरपाई मिळवून देतो. पण ती रक्कम नंतर चालकाकडून वसूल होऊ शकते.

१९/ करारपत्र कोणत्या क्रमाने वाचावे, हे इतिहासच सुचवतो. प्रथम दायित्व: दुसऱ्याला इजा झाली तर किती रकमेपर्यंत संरक्षण आहे. मग गाडी: माफी आहे का, एक्सेस किती. मग वगळलेले भाग, आणि शेवटी कोण, कोठे गाडी चालवू शकतो. काउंटरवर याच्या उलट घडते. ओरखड्याची भीती मोठ्या आवाजात विकली जाते आणि माणसाच्या इजेचे कलम शेवटच्या पानावर असते. ओरखड्याचा खर्च एक सहल महाग करतो. दायित्वाची तोकडी मर्यादा दोन कुटुंबांची आयुष्यभराची घडी विस्कटू शकते, आणि त्यांतले एक कुटुंब त्या सहलीला कधी गेलेलेच नसते.