‘हॅव’ क्रियापद आणि वाक्यारंभींचें क्रियाविशेषण

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘सुदैवानें माझ्याजवळ पैसे आहेत’ या वाक्याचें भाषांतर करण्यास सांगितलें, तर तो ‘फॉर्च्युनेटली आय हॅव मनी’ असें लिहितो. आणि तें बरोबर ठरतें. त्याच धोरणानें ‘क्वचितच माझ्याजवळ पैसे असतात’ याचें तो ‘सेल्डम आय हॅव मनी’ असें करतो. आणि त्यावर मात्र तांबड्या शाईची रेघ ओढली जाते. दोन्हीं ठिकाणीं आरंभीं क्रियाविशेषण, कर्ता तोच, क्रियापद तेंच. मग एक ग्राह्य आणि दुसरें त्याज्य कां? शालेय व्याकरण येथें नियम सांगून मोकळें होतें. परंतु नियम पाठ करून शंका फिटत नाहीं. तिचें उत्तर तर्कशास्त्रांत नसून इतिहासांत आहे, असें आमचें मत आहे.

राजा आल्फ्रेड इ. स. 899 मध्यें वारला. त्याच्या काळची इंग्रजी आजच्या इंग्रजीहून इतकी निराळी होती कीं, आजच्या इंग्रजास ती शिकवणी लावूनच शिकावी लागते. त्या भाषेंत ‘आतां’, ‘मग’ अशा अर्थाचे शब्द वाक्यारंभीं आले, म्हणजे क्रियापद सामान्यतः त्यांच्या लगोलग येई आणि ‘मी’ हा कर्ता त्यामागें जाई. म्हणजे ‘आतां आहे-धरून मी’ अशी कांहींशी ती रचना होय. या पद्धतींत क्रियापदाचें आसन दुसरें. तिच्या भगिनी जर्मन व डच यांनीं ही रीत आजतागायत संभाळली आहे. जर्मन मनुष्य आजही ‘येत्स्ट हाबे इष’ असेंच म्हणतो.

पुढें इंग्रजींतील विभक्तिप्रत्यय झिजले. कर्ता कोणता व कर्म कोणतें हें शब्दाच्या रूपावरून कळेनासें झालें, आणि तें काम वाक्यांतील स्थानाकडे आलें. इ. स. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर भाषेंत मोठी उलथापालथ झाली. पंधराव्या शतकाच्या सुमारास जुनी रीत ओसरत चालली व ‘आधीं कर्ता, मग क्रियापद’ हा क्रम रूढ झाला. परंतु पूर ओसरला तरी खळग्यांत पाणी राहतें, त्याप्रमाणें कांहीं ठिकाणीं जुना क्रम टिकला. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’ या निषेधवाचक वा न्यूनतादर्शक शब्दांचा आरंभ हें त्यांतील मुख्य ठिकाण. ‘फॉर्च्युनेटली’ त्यांत बसत नाहीं. कारण तें क्रियेस विशेषण नसून संपूर्ण विधानावर वक्त्यानें केलेला शेरा आहे.

सोळाव्या शतकांत साहाय्यक ‘डू’चा प्रसार वाढला. ‘हॅव’नें त्यास पुष्कळ काळ दाद दिली नाहीं, म्हणून जुन्या वळणाच्या लेखनांत ‘सेल्डम हॅव आय’ असें आढळेल, आणि आज ‘सेल्डम डू आय हॅव’ हेंच सहज वाटेल. मात्र ‘हॅव’ स्वतःच साहाय्यक असेल, तर ‘नेव्हर हॅव आय सीन’ हा प्राचीन क्रम अद्यापि अबाधित आहे.

आतां खुद्द ‘हॅव’कडे वळूं. लॅटिन ‘हाबेरे’ याच्याशीं त्याचें रूपसादृश्य व अर्थसादृश्य पाहून दोन्हीं एकाच मूळचीं असावींत, असा भ्रम होतो. परंतु याकोब ग्रिम यानें 1822 सालीं मांडलेल्या ध्वनिनियमाप्रमाणें इंग्रजी ‘ह’च्या जागीं लॅटिनांत ‘क’ यावयास पाहिजे. आणि तशी ‘हॅव’ची खरी सखी ‘कापेरे’, म्हणजे ‘पकडणें’, ही आहे. जें पकडलें तें जवळ आलें, असा हा अर्थविकास होय. उलट मराठींत स्वामित्वाचें स्वतंत्र क्रियापदच नाहीं. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘माझें घर आहे’ या तिन्हीं वाक्यांत क्रियापद ‘असणें’. नात्याचा भेद विभक्ति व शब्दयोगी अव्ययें दाखवितात.

यावरून इंग्रज जात्याच पकडणारे व आपण जात्याच निरिच्छ, असा सिद्धांत काढण्याचा मोह कोणास होईल. तो आवरणें बरें. रोमन लोक ‘मजकडे पुस्तक आहे’ व ‘मी पुस्तक बाळगतों’ या दोन्हीं तऱ्हांनीं बोलत, आणि साम्राज्यही वाढवीत. रशियन भाषा आपल्याप्रमाणेंच ‘मजजवळ आहे’ असें म्हणते; म्हणून झारचें राज्य लहान राहिलें नाहीं. आणि ‘माझें शेत आहे’ एवढ्या सौम्य शब्दांवर आपल्या गांवोगांवीं किती डोकीं फुटलीं आहेत!

शब्दक्रमावरून राष्ट्राचा स्वभाव ताडतां येत नाहीं. त्याच्या भाषेनें चाललेली वाट मात्र दिसते. तांबड्या रेघेखालीं सांपडलेल्या विद्यार्थ्यास तेवढी दाखविली, तर आपली बुद्धि उणी नसून आपण एका हजार वर्षांच्या अवशेषास ठेंचाळलों, हें त्यास कळेल. आणि तो नियम त्यास पुन्हा पाठ करावा लागणार नाहीं.